गाडीवरची ताई आणि काचेचं दुकान

आम्ही आंबीच्या बाया बोलतोय. कोणी चुलीपाशी असाल, कोणी गोठ्यात असाल, कोणी कंपनीतून येऊन आत्ताच पाय मोकळे केले असतील. हातातलं काम सोडू नका, करता करता ऐका.

आजचा विषय खाण्याचा आहे, पण पाककृतीचा नाही. आंबी आता नुसतं भाताचं गाव राहिलेलं नाही हे मावळात सगळ्यांना माहीत आहे. तळेगावाहून एमआयडीसीचा रस्ता आपल्या गावावरून जातो. याच रस्त्याला डी. वाय. पाटीलचं कॉलेज आहे, पुढे नवलाख उंबऱ्याकडे कारखाने आहेत. सकाळच्या शिफ्टला पोह्याची गाडी लागते, दुपारी वडापाव, संध्याकाळी भजी आणि चहा. दुसरीकडे तळेगावात आणि जुन्या हायवेला पिझ्झाची, बर्गरची, तळलेल्या कोंबडीची काचेची दुकानं आली. फोनवर बोट दाबलं की पोरगा मोटारसायकलवर खोकं घेऊन दारात हजर.

गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला. मुलांचे वाढदिवस असतात, हळदीकुंकू असतं, शाळेचा कार्यक्रम असतो. खाऊ मागवायचा कुठून? एक जण म्हणाली, "गाडीवरचं खाऊन पोरांचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण?" लगेच दुसरी म्हणाली, "अगं, पण ती गाडी घेतली कशातून? आपल्याच गटाच्या कर्जातून ना? तिचा धंदा बसला तर हप्ता कोण भरणार?" दोघींच्या बोलण्यात दम होता. त्यावर दोन बैठका गेल्या. त्यात जे निघालं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी काचेच्या दुकानाची बाजू मांडतो, कारण ती कोणी धड मांडत नाही. "परदेशी आहे, वाईट आहे" एवढं म्हणून विषय संपत नाही. कॉलेजच्या मुलींना आम्ही विचारलं, "बायांनो, तिथं एवढं काय ठेवलंय?" वाटलं होतं चीज म्हणतील, चव म्हणतील. त्या म्हणाल्या, "मावशी, तिथं बसता येतं. कोणी टक लावून बघत नाही. संडास स्वच्छ असतो. दोघींत एक घेतलं आणि तासभर बोलत बसलो तरी कोणी उठवत नाही." ऐकून आम्ही गप्पच झालो. आता तुम्हीच सांगा, आपल्यापैकी किती जणी टपरीवर एकट्या उभ्या राहून चहा पितात? हात वर करा म्हटलं तरी रेडिओवर आम्हाला दिसायचे नाहीत, पण उत्तर आपल्याला ठाऊक आहे. टपरीवर चार बाप्ये सिगारेट ओढत उभे असतात, बाई तिथून खाली मान घालून पुढे जाते. म्हणजे त्या मुली तिथं पैसे मोजतात ते अर्धे पदार्थाचे आणि अर्धे जागेचे. ही गोष्ट आमच्या गाडीवाल्या बायांनी नीट ऐकून ठेवली आहे. तिचं पुढे काय केलं तेही सांगू.

त्या दुकानांची दुसरी ताकद म्हणजे सगळं लिहून ठेवलेलं असतं. तेल किती तापवायचं, हात कधी धुवायचे, उरलेलं कधी फेकायचं. डॉमिनोजच्या पिझ्झाचं पीठ दुकानात मळत नाहीत. मोठ्या स्वयंपाकघरात मळून, गोळे करून थंड गाडीतून दुकानांत पोचवतात. त्यामुळे लोणावळ्यात खा नाहीतर नागपुरात खा, चव तीच. आपल्या गाडीवर सोमवारी वडा तिखट आणि बुधवारी अळणी असं होतं. गिऱ्हाईक नवं असेल तर ते परत येत नाही.

आता पैशाकडे येऊ. "तिथं दिलेला सगळा पैसा सातासमुद्रापार जातो" असं आपल्याकडे बोलायची पद्धत आहे. ते पुरतं खरं नाही. मॅकडोनाल्ड भारतात आलं १९९६ मध्ये, त्याच वर्षी दिल्लीत आणि मुंबईत त्यांची दुकानं उघडली. त्या सुरुवातीच्या काळात बर्गरमध्ये जी कुरकुरीत पानं घालतात, आईसबर्ग लेट्यूस म्हणतात त्याला, ती पुरवणाऱ्यांत आपल्या तळेगावचं त्रिकाया ॲग्रिकल्चर होतं. चीज येत होतं बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. म्हणजे बर्गरमध्ये पुणे जिल्हा होताच की! पण कोणता पुणे जिल्हा? ज्याच्याकडे थंड खोल्या आहेत, थंड गाड्या आहेत, बारा महिने एका मापाचं पान काढायची ताकद आहे, तो. तुमच्या परसातली मेथीची जुडी, आमच्या बांधावरची मिरची त्या दारातून आत जाऊ शकत नाही. त्यात त्यांची चूक नाही. हजारो दुकानांना एकसारखा माल पाहिजे असतो. पण आपल्यासारख्या अर्ध्या एकराच्या बाईला त्या साखळीत जागा नाही. त्याशिवाय नावासाठी, पद्धतीसाठी विक्रीतला ठरलेला वाटा मूळ कंपनीला द्यावा लागतो. मग जागेचं भाडं, जाहिरात, वीज. उरतो त्यात त्या पोरापोरींचा पगार. तेवढा मात्र इथल्या घरात येतो, आणि तो येतो हे मान्य करायलाच पाहिजे. आपल्या मावळातली मुलं-मुली तिथं कामाला आहेत.

गाडीवरच्या ताईचा रुपया कसा फिरतो ते तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. बटाटा तळेगावच्या बाजारातून. मंचरकडच्या सातगाव पठारावर बटाटा पिकतो, तो आपल्या बाजारात येतो. पाव गावच्या बेकरीतून. बेसन, तेल किराणावाल्याकडून, आणि तो उधार देतो तेव्हाच महिन्याची वीस तारीख पार पडते. मिरची, कोथिंबीर शेजारणीकडून. गॅस, पाणी, गाडीची डागडुजी इथलीच. राहील ते पोरांच्या फीला आणि गटाच्या हप्त्याला. समजा एका वडापावामागे पाच रुपये सुटतात आणि दिवसाला शंभर वडापाव जातात. पाचशे रुपये झाले. त्यातून पाऊस लागला तो दिवस वजा, कंपनीला सुट्टी तो दिवस वजा, पोरगं आजारी तो दिवस वजा. तरी त्या पाचशेतला एक एक रुपया आंबी ते तळेगाव एवढ्यातच चार हात फिरतो.

पण एवढं सांगून ताईचं भागत नाही. "आपली आहे म्हणून घ्या" हे दोन दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक चव, हात आणि पाणी बघतं. वडापावचंच घ्या. साठच्या दशकात दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. गिरणीत जाणाऱ्याला हातात धरून खाता येईल असं गरिबाचं खाणं. पुढे २००१ मध्ये जंबोकिंग निघालं, २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव. त्यांनी वडापावाचीच साखळी दुकानं काढली. पदार्थ आपल्याच आईच्या हातचा होता, वरून लावलं काय? हातमोजे, एका मापाचा वडा, स्वच्छ कागद, भिंतीवर लिहिलेला भाव. तेवढ्यासाठी लोकांनी जास्त पैसे दिले. मग हे सगळं गाडीवर का होऊ नये? यातल्या कशालाच वातानुकूलित दुकान लागत नाही.

आता तेल-पाण्याचं बोलू, कारण पहिल्या मैत्रिणीचा प्रश्न तोच होता.

तेलापासून सुरुवात. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते काळं पडतं, चिकट होतं, वर फेस येतो, कढई नीट तापायच्या आतच धूर सुटतो. अशा तेलात तळलेलं काळजाला आणि यकृताला त्रास देतं. अन्नसुरक्षेच्या नियमात यावर मर्यादा घातलेली आहे. तळणीच्या तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना तेलाची नोंदवही ठेवावी लागते. गाडीवरच्या ताईला वही ठेवायची सक्ती नाही, तिला मशीनही परवडणार नाही. पण डोळे आणि नाक आहे. आमच्या गटातल्या गाडीवाल्या बायांनी असं ठरवलं आहे की कढई लहान घ्यायची. लहान कढईत तेल कमी लागतं, लवकर संपतं आणि काळं झालं तर टाकताना जीव तुटत नाही. मोठ्या कढईत दोन लिटर तेल ओतलं की ते फेकवत नाही, हाच खरा घोळ आहे. वापरलेलं तेल मोरीत ओतू नका, नळी तुंबते. डब्यात साठवा. अशा तेलापासून जैवइंधन करणारे ते गोळा करतात. आमचं म्हणणं, तळेगावच्या हॉटेलवाल्यांकडून असं तेल कोण नेतं ते विचारून त्यांच्यात आपला डबा घालावा.

आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही विचारायला लाजू नका. मात्र विचारायची एक रीत असते. "काय गं, तेल कधीचं आहे?" असं चारचौघांत खेकसलं तर ती बाई बिचारी काय बोलेल? गर्दी ओसरल्यावर जवळ जाऊन म्हणायचं, "ताई, पोरांसाठी न्यायचंय, ताज्या तेलातलं काढून द्याल का?" ती दहा मिनिटं थांबायला सांगेल. थांबा. काचेच्या दुकानात रांगेत थांबतोच ना आपण.

दुसरं, पाणी. कढईतून निघालेल्या वड्यातून शक्यतो कोणी आजारी पडत नाही, उकळत्या तेलात जंतू काय जगणार! माणूस आजारी पडतो चटणीच्या पाण्यातून, कापून ठेवलेल्या कांद्यातून, बर्फातून, एकाच बादलीत बुडवलेल्या बश्यांतून. पावसाळ्यात तर जास्तच. ओली चटणी सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात वाटायची आणि त्याच दिवशी संपवायची. जमत नसेल तर पावसाळाभर लसणाची सुकी चटणी द्यायची, लोक आवडीनं खातात. प्यायचं पाणी तोटीच्या झाकलेल्या पिंपात ठेवायचं. तांब्या बुडवायचा नाही. पैसे घेणारा हात आणि पाव कापणारा हात वेगळा ठेवायचा. एकटी बाई असेल तर पैशाला डबा ठेवून गिऱ्हाइकालाच टाकायला सांगायचं. सुट्टे तोच उचलून घेईल. आपल्याकडे माणसं अजून तेवढी प्रामाणिक आहेत.

तिसरं, वर्तमानपत्र. गरम भजी त्या कागदात बांधली की छपाईची शाई तेलाबरोबर पोटात जाते. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला नियमानं मनाई आहे. मग कशात द्यायचं? कोऱ्या कागदात, नाहीतर पळसाच्या पानात. आपल्या आज्या पत्रावळी लावत होत्या. पानावर भजी दिली की कॉलेजची मुलं फोटो काढतात म्हणे. काढू देत, फुकटची जाहिरात.

चौथी गोष्ट नोंदणीची. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याच्या २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असलेल्या लहान विक्रेत्यांसाठी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला १०० रुपये. गाडीवाली, घरून डबे देणारी, लाडू-चिवडा करून विकणारा गट, सगळ्या यात येतात. फोटो आणि ओळखपत्र घेऊन सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. चौदा आकडी नंबर मिळतो. तो गाडीवर मोठ्या अक्षरांत लावा. लोक भाव बघतात तसे नंबरही बघायला लागलेत. शाळा, कॉलेज, कंपनी यांची ऑर्डर घ्यायची तर हा नंबर पहिल्यांदा मागतात. अर्ज भरताना त्या दिवशीचे नियम आणि फी केंद्रावर विचारून घ्या, आणि शंभराच्या कामाला कोणी हजार मागितले तर पावती मागा.

कायदा दोघांनाही आहे हे लक्षात ठेवा. २०२३ च्या अखेरीला आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं अहमदनगरजवळच्या केडगावातल्या मॅकडोनाल्डच्या दुकानाला नोटीस दिली होती. मुद्दा असा की पदार्थाच्या नावात चीज म्हणता, पण त्यात चीजसारखा दुसरा पदार्थ आहे का? आपण खरंच चीज वापरतो असं कंपनीनं सांगितलं. मात्र त्या काळात काही पदार्थांच्या नावांतून 'चीज' हा शब्द काढलाही. कोण खरं, कोण खोटं याच्या निवाड्यात आम्ही जात नाही. सांगायचं एवढंच की काच आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत आणि गाडी आहे म्हणून नाक मुरडायचं नाही.

आरोग्याच्या बाबतीत एक कटू गोष्ट. वडापाव आपला आहे म्हणून तो पौष्टिक होत नाही. मैदा, बटाटा आणि तेल. बर्गरमध्येही बहुतेक तेच. दोन्ही रोज खायच्या गोष्टी नाहीत. फरक पडतो तो बरोबर काय पितो यात. रंगीत थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. काचेच्या दुकानात ते खाण्याबरोबर जोडूनच देतात, स्वस्त पडतं म्हणून आपण घेतो. गाडीच्या शेजारी ताकाचा माठ ठेवला तर? आमच्यातल्या एकीनं ठेवला. उन्हाळ्यात तिचा ताकाचा गल्ला भज्यांच्या बरोबरीनं येतो, आणि तेलही जळत नाही.

आणि आपल्या मावळाकडे काय आहे हेही विसरू नका. इंद्रायणी तांदूळ आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ चा. आंबेमोहराचा वास त्यात उतरलेला. पुण्या-मुंबईचे लोक तो शोधत येतात, आणि आपण पाहुण्यांना मैद्याचा पाव देतो! तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, मासवडी. लोहगडाच्या पायथ्याला घराघरांतून बाया ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी देतात. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, येणाऱ्यांची वर्दळ वाढणार. ते माणूस काचेच्या दुकानातलं खायला गडावर चढत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. गाडीवरच्या ताईचं पोट तिच्या चवीवर जेवढं अवलंबून आहे, त्याच्या दुप्पट दुसऱ्यांच्या निर्णयांवर आहे. दोन गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत झाल्या.

पहिली, द्रुतगती मार्ग. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्याआधी सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं, कामशेत, लोणावळा, खंडाळा करत जायची. गाडी कुठंही थांबायची, माणूस उतरायचा, भजी खायचा. नव्या रस्त्याला दोन्हीकडून कुंपण. थांबायचं ते ठरलेल्या फूड मॉलवर. तिथं गाळा घ्यायचं भाडं कोणत्या गाडीवालीला झेपणार? तिचा वडा काही एका रात्रीत बेचव झाला नव्हता. गिऱ्हाईक कुंपणापलीकडून जायला लागलं.

दुसरी, जनरल मोटर्सचा कारखाना. २००८ मध्ये आपल्याकडे तो सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवायचा थांबला. चौदाशेच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला, मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पेपरात आलं. पण फाटकाबाहेर चहा, पोहे, वडापाव विकणाऱ्यांचं कुठं काही आलं नाही. त्यांना ना नोटीस, ना भरपाई, कारण त्यांची नोंदच कुठल्या वहीत नव्हती. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला, आता तिथं पुन्हा गाड्या निघतात. मधल्या काळात मात्र चहावाल्यांचे हप्ते थांबले नव्हते.

म्हणून आम्हाला अन्नपूर्णा महिला मंडळाची गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईत गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार राहायचे. त्यांना डबा, जेवण घालणाऱ्या बायांना खानावळवाल्या म्हणत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. किराणा उधारीचा, आणि कामगारांचे पैसे महिन्यानं. संप झाला की पैसेच नाहीत. गहाण टाकायला मंगळसूत्र तेवढं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. एकट्या बाईला बँक दारात उभी करत नव्हती. गटानं एकमेकींची हमी घेतली, तेव्हा बँकेनं कर्ज दिलं. आज आपले बचत गट तेच करतात, पण त्यांनी ते पन्नास वर्षांपूर्वी केलं. पुढे मंडळानं एकत्र स्वयंपाकघर काढलं, ऑफिसांना डबे, कार्यक्रमांच्या ऑर्डरी घेतल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले, पण ज्यांच्यामागे मंडळ होतं त्या बायांना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायला वाट होती. आमच्या गाडीवाल्यांना आम्ही हेच सांगतो: एका फाटकावर सगळी भिस्त ठेवू नका. गाडी फाटकावर असू दे, पण एक ऑर्डर कॉलेजच्या मेसची, एक शाळेची, एक गटाची असू दे.

आता जागेचं बोलू, म्हणजे त्या मुलींनी सांगितलेला मुद्दाही येईल. २०१४ मध्ये फेरीवाल्यांचा कायदा आला. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी आहेत, त्यांत एक तृतीयांश बायका. ओळखपत्र आहे, मनाला येईल तेव्हा उठवायचं नाही असं आहे. चांगला कायदा आहे. पण तो महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत अशा शहरी भागांसाठी. आंबी ग्रामपंचायत आहे. म्हणजे तळेगावच्या हद्दीत गाडी लावली तर कायद्याचा आधार, आणि पूल ओलांडून आपल्या गावात लावली तर काही नाही. कर्जाचंही तसंच. पीएम स्वनिधी योजना २०२० ची, तारणाशिवाय पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, २०२५ मध्ये ते १५ हजार केलं, मग २५ हजार, मग ५० हजार. तीही शहरी हद्दीत विकणाऱ्यांसाठी. मात्र एक बारीक वाट आहे. राहायला गावात असाल पण विकायला तळेगाव नगरपरिषदेच्या हद्दीत बसत असाल, तर नगरपरिषदेचं शिफारसपत्र घेऊन अर्ज करता येतो. भाजी, खाणं विकायला रोज तळेगावात जाणाऱ्या बायांनी हे नक्की विचारावं.

गावात लावणाऱ्यांनी काय करायचं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बाजाराची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचं काम आहे. आधी विचारा, गाडी लागते तो रस्ता कोणाचा? ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा की एमआयडीसीचा? ते कळल्याशिवाय अर्ज कोणाच्या नावानं करणार? मग जागा मागा. नुसती जागा नको. नळ, दिवा, सांडपाण्याची गटार, आणि बायकांसाठी कुलूप न लावलेला संडास. बसायला चार बाकडी, जिथं कॉलेजची मुलगी अर्धा तास बसली तर कोणी बघणार नाही. अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या विक्रेत्यांना २०१८ मध्ये देशातलं पहिलं स्वच्छ खाऊगल्लीचं प्रमाणपत्र मिळालं. ते गाडीवालेच आहेत, फक्त त्यांना पाणी, उजेड, कचऱ्याचे डबे आणि प्रशिक्षण मिळालं. ताईचे हात स्वच्छ नाहीत म्हणताना तिच्यापासून नळ किती लांब आहे तेही मोजायला हवं.

मग काचेच्या दुकानात जायचं की नाही? आम्ही कोणाला शपथ घातलेली नाही. पोराचा वाढदिवस आहे, त्याला पिझ्झा पाहिजे, द्या की! वर्षातून दोनदा हौस होऊ द्या. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांनाही एक तुकडा द्या, आमच्यातल्या एकीच्या सासूबाई आता दुसरा मागतात. पण गटाच्या पैशानं जे मागवायचं, बैठकीचा चहा-नाश्ता, हळदीकुंकवाचा खाऊ, शाळेच्या कार्यक्रमाचं खाणं, ते नोंदणीचा नंबर असलेल्या आपल्या गाडीवाल्या आणि डबेवाल्या बायांकडूनच मागवायचं, असं आमच्या गटानं वहीत लिहून सह्या केल्या. दर ठरवून, आगाऊ निम्मे पैसे देऊन. "आपलीच आहे, नंतर देऊ" हे बंद. उधारीनं जेवढ्या गाड्या बसल्या तेवढ्या पिझ्झ्यानं बसल्या नसतील. आणि दोनदा माल खराब आला तर तिसऱ्यांदा दुसरीकडे, हेही त्याच पानावर लिहिलंय. त्यावर गाडीवाल्यांच्या सह्या पहिल्या आहेत.

महिला सभेत द्यायचा अर्ज आम्ही तयार केलाय. पेन घ्या, सावकाश सांगतो. वर गावाचं नाव आणि तारीख. खाली, "आमच्या गावात खाद्यपदार्थ विकून पोट भरणाऱ्या महिलांची ग्रामपंचायतीने यादी करावी. त्यांच्यासाठी रस्त्यालगत ठरावीक जागा द्यावी. त्या जागी पिण्याच्या पाण्याचा नळ, दिवा, गटार, कचऱ्याचा डबा, बसायची बाकडी आणि महिलांसाठी स्वच्छतागृह करावे. जागा दुसऱ्या खात्याची असल्यास ग्रामपंचायतीने त्या खात्याला पत्र द्यावे आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी. रस्त्याचे किंवा दुसरे काम निघाल्यास उठवण्याआधी लेखी सूचना देऊन पर्यायी जागा दाखवावी." खाली सह्या, अंगठे. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. ती प्रत गटाच्या पेटीत ठेवा, कोणाच्या घरी नको.